पाठीवर पॅनेल, तोंड पंढरीकडे

वारीत जेवणाची चिंता कुणी करत नाही. भिशी भरली की पहाटेच्या चहापासून रात्रीच्या पंगतीपर्यंत सगळं दिंडी बघते. हल्ली वारकऱ्याच्या जिवाला घोर असतो तो मोबाइलच्या चार्जिंगचा. तळावर पोचलं, पाय धुतले, की आधी बोर्ड कुठं आहे ते शोधायचं. आमच्या दिंडीचा जनरेटर हरिपाठ-कीर्तनापुरता चालतो आणि त्याच्या एकुलत्या एक्स्टेंशन बोर्डाला चार्जरांचा घोस लटकलेला असतो. कुणाची तरी पिन कुणीतरी काढतंच, आणि मग कीर्तनाआधीच एक भारूड होऊन जातं. गावातली माणसं घरात बोलावून चार्जिंगला लावू देतात, सलूनवाले आणि चहावाले दहा-वीस रुपयांत लावतात. पण फोन भरेपर्यंत तिथं बसायचं कुणी? पहाटे तर पुन्हा चालायचं असतं.

मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवायचो. त्यामुळे दिंडीतलं लाइटचं आणि माइकचं काम न मागता माझ्याकडे आलं, आणि घडीचं सोलर पॅनेलही मी त्याच नादात घेतलं. तीन पाट्यांचं, जाड कापडात शिवलेलं, मिटलं की वहीएवढं. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. खोक्यावर छापलंय 21 वॉट. सोबत बोटभर लांबीचा यूएसबी मीटर ठेवला. पॅनेल आणि केबलच्या मध्ये तो खोचला की व्होल्ट आणि अँपियर समोर दिसतात. वारीत लोक माळ ओढतात, मी आकडे बघत बसायचो. दिंडीतली पोरं हसायची, हसू देत.

आधी खोक्यावरच्या आकड्याबद्दल सांगतो. 21 वॉट हा प्रयोगशाळेतला आकडा. चौरस मीटरला 1000 वॉट इतका प्रकाश आणि सेलचं तापमान 25 अंश, अशा ठरावीक परिस्थितीत सगळी पॅनेलं मोजतात. उघड्या रानात ऊन कडक असेल तर सेल 25 अंशांवर राहतच नाही. भोवतालच्या हवेपेक्षा तो 25-30 अंशांनी जास्त तापतो, आणि सिलिकॉनच्या सेलची ताकद प्रत्येक वाढत्या अंशाला साधारण 0.4 टक्क्याने घटते. म्हणजे ज्या उन्हासाठी आपण पॅनेल घेतलं तेच ऊन सातवा-आठवा हिस्सा काढून घेतं. वर पॅनेलचा दाब उतरवून 5 व्होल्टवर आणणारी छोटी चकती तिचा वाटा घेते, केबल थोडा खाते. माझ्या पॅनेलने दोन्ही पोर्ट मिळून 14 वॉटच्या पलीकडे कधी मजल मारली नाही. खोक्यावर लिहिलंय त्याच्या दोन तृतीयांश मिळालं तर माल चांगला आहे असं समजा.

पण एवढे वॉटसुद्धा पाठीवर मिळत नाहीत. दुकानातल्या चित्रांत गिर्यारोहकाच्या सॅकवर पॅनेल लटकलेलं असतं आणि गडी ऐटीत चाललेला असतो. ते बघूनच मीही कड्या अडकवून पॅनेल पाठीवर सोडलं. मग कोणत्या वेळी मीटर काय दाखवतो हे लक्षात येऊ लागलं, आणि त्यामागचं कारण आमच्या वाटेच्या दिशेत निघालं. आळंदीहून पंढरपूर आग्नेयेला. रस्ता कुठंकुठं वळतो, पण एकूण रोख तोच. म्हणजे आपली पाठ वायव्येकडे. आषाढी वारीच्या दिवसांत सूर्य ईशान्येच्या अंगाने उगवतो, म्हणून सकाळचं ऊन डाव्या गालावर येतं आणि पाठ सावलीत राहते. दुपारी साडेबाराच्या सुमारास, आपल्याकडे खरी मध्यान्ह तेव्हाच होते, सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. जूनच्या अखेरीस तर डोक्यावरून चार-पाच अंश उत्तरेलाच कललेला. उभ्या लटकलेल्या पॅनेलला तो नुसता घासून जातो. ऊन पाठीवर नीट पडायला लागतं ते तीन-साडेतीननंतर, आणि तोवर त्यातला दम कमी व्हायला लागलेला असतो. पाठीवरच्या पॅनेलचा सकाळचा आकडा इतका लहान असायचा की मीटर स्वतः किती खातो अशी शंका यावी.

त्यात पताका. आमच्या रांगेत माझ्यामागे पताकावाले असतात. ऊन पाठीवर आलं की त्यांच्या भगव्या कापडाची सावली झुलत झुलत माझ्या पॅनेलवर यायची. एका पाटीच्या कोपऱ्यावर चार बोटं सावली, आणि 1.4 अँपियरचा आकडा खाली 0.2 वर. वाटेल की चार बोटं झाकली तर चार बोटांपुरतंच नुकसान व्हावं. पण पाटीतले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, एका सेलमधून जेवढा प्रवाह निघेल तेवढाच सगळ्या साखळीतून वाहतो. मोठ्या छपरी पॅनेलात अशा वेळी आडवाट काढून द्यायला डायोड असतात. घडीच्या स्वस्त मालात ते असतीलच असं नाही, असले तरी मोजकेच. पताकावाल्यांना मागं व्हा म्हणणं शोभलं नसतं. वारी त्यांचीही आहे.

पुणे ते लोणंद हा पट्टा पॅनेलसाठी जवळजवळ भाकड. पुण्यात ढग, दिवेघाटात पाऊस नि वारा, सासवडला चिखल. गच्च भरलेल्या आभाळात प्रकाश दहा-वीस टक्क्यांवर येतो, आणि 21 वॉटचं पॅनेल दोन वॉटचं होतं. यात फोन थेट जोडला तर आणखी एक कटकट. प्रवाह जरा खाली आला की फोन चार्जिंग सोडतो, ढग हलला की पुन्हा घेतो, पुन्हा सोडतो. दर वेळी आवाज आणि स्क्रीनचा उजेड. तास-दोन तास हा खेळ झाला की फोनची टक्केवारी होती तिथंच, कधी एखाद-दोन टक्के खालीच. कितीतरी फोन एकदा कमी प्रवाहावर उतरले की ऊन पुन्हा लख्ख पडलं तरी तेवढाच घेत राहतात. केबल काढून पुन्हा लावली की मग जागे होतात. म्हणून माझा पहिला नियम असा झाला: पॅनेलला फक्त पॉवर बँक जोडायची. ती जे मिळेल ते मुकाट घेते, आणि रात्री फोनला एका धारेत देते. दुसराही फायदा आहे. उन्हात ठेवलेला फोन तापतो, आणि तापलेली लिथियम बॅटरी 45 अंशांच्या आसपास चार्ज व्हायला नकार देते. तिच्या आयुष्यालाही ते बरं नाही. पॉवर बँकही उन्हात ठेवू नये, पॅनेलच्याच मागच्या कप्प्यात किंवा पिशवीखाली सरकवावी.

ढगांची एक गंमत मात्र या पट्ट्यातच बघायला मिळाली. फुटक्या आभाळात सूर्य ढगाच्या कडेशी असला की पांढऱ्या कडेवरून परतलेला उजेड थेट उन्हात मिसळतो आणि क्षणभर मीटर निरभ्र आभाळापेक्षाही वर उडी घेतो. वाल्ह्याच्या अलीकडे ते बघून मी शेजारच्या विणेकऱ्यांना मीटर दाखवायला गेलो. त्यांनी मान हलवली आणि पुढचा अभंग धरला.

नीरा ओलांडली, लोणंद गेलं, तरडगाव मागे पडलं, की हवा बदलते. फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. इकडे आषाढातही निळं आभाळ दिसतं. पॅनेल खरं कामाला येतं ते इथं, आणि तेही विसाव्याच्या जागी जमिनीवर सपाट पसरून. सूर्य माथ्यावर असल्यामुळे काठ्या लावून कलती मांडणी करायची गरज नाही. कलंडलं तरी फार बिघडत नाही: उन्हाला काटकोनात धरलेलं पॅनेल 30 अंशांनी फिरलं तर 13 टक्क्यांच्या आसपास जातात, पण 60 अंशांनी फिरलं तर निम्मं संपतं. तापलेल्या डांबरावर मात्र पसरू नका, गवतावर किंवा घोंगडीवर पसरा. पश्चिमेचा वारा सुटलेला असतो तो सेल थंड ठेवतो, ही त्याची कृपा. पॅनेल उलथंपालथं करतो, ही त्याची खोडी. चारी कोपऱ्यांना दगड ठेवायचे.

वेळापूरला तळावर मी असं पॅनेल पसरून हात-पाय धुवायला गेलो. परत येतो तर त्यावर ओलं नऊवारी लुगडं वाळत घातलेलं. शेजारी आजी बसलेल्या.

"आजी, यावर नका घालू, हे चार्जिंगचं हाय."

"काळं कापड लवकर तापतंय म्हणून घातलं रं बाबा. फोन होय यात?"

"फोन नाही, उन्हावर वीज तयार होते."

आजींनी लुगडं उचललं, दोरीवर टाकलं आणि पॅनेलवर हात फिरवून पाहिला. "मग माजाबी लाव की. लेकीला सांजच्याला फोन करायचाय." बटणांचा साधा फोन होता. त्याची बॅटरी एवढीशी, की पॉवर बँकेला कळलंही नाही. घडीच्या पॅनेलचं सगळ्यात समाधानकारक गिऱ्हाईक म्हणजे असे साधे फोन आणि डोक्याला लावायची बॅटरी. रिंगणाचे व्हिडिओ काढणाऱ्या पोरांचे मोठे स्मार्टफोन म्हणजे बिनबुडाचे रांजण.

आता हिशेब. पॉवर बँकेवर 10000 एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचं, म्हणजे 37 वॉटतास. बाहेर 5 व्होल्ट करून द्यायला आणि फोनच्या बॅटरीत भरायला जो तोटा होतो तो धरला, तर 5000 एमएएचचा फोन तिच्यातून सव्वा ते दीड वेळाच भरतो, दोनदा नाही. माळशिरसच्या उन्हात दुपारचा लांब विसावा आणि तळावर पोचल्यावरचा उरलेला उजेड मिळून माझं पॅनेल जे देतं, त्यात ही पॉवर बँक पाऊण भरली तर दिवस चांगला गेला म्हणायचं. सासवडला तेच पॅनेल दिवसभरात तिचा एक दिवाही नीट पेटवत नाही.

वर्षावर्षाचा फरकही मोठा. आषाढी एकादशी इंग्रजी तारखेला बांधलेली नसते. 2023 साली ती 29 जूनला आली आणि पाऊसही लांबला होता. वारकरी बहुतेक वाट उन्हात चालले, माणसं होरपळली आणि पॅनेलवाल्यांची चंगळ झाली. मध्ये अधिक महिना पडला आणि 2024 साली एकादशी 17 जुलैला गेली, तोवर पावसाळा पुरता बसलेला असतो. पॅनेल घेऊन वारीला निघायचं की नाही हे पंचांग बघून ठरवावं, असं मी गमतीने म्हणतो, पण ते खरंच आहे.

बाजारात झाकणावरच सोलर असलेल्या पॉवर बँका मिळतात. त्यांच्याबद्दल माझं मत वाईट आहे. उत्तम सेलसुद्धा अंगावर पडलेल्या उन्हातला 22 ते 24 टक्केच भाग वीज करतो. या हिशेबाने फोनएवढ्या झाकणातून फार तर दोन वॉट निघतील, प्रत्यक्षात एक-सव्वा. 37 वॉटतास भरायला तीस तासांच्या वर कडक ऊन हवं, तेही बॅटरी उन्हात तापवत. ते झाकण शोभेचं आहे. हाच हिशेब उलटा लावला की दुकानातली थापही पकडता येते: साध्या ए-फोर कागदाएवढ्या जागेतून भर उन्हात 13-14 वॉटच्या वर काही निघू शकत नाही. कुणी तेवढ्या आकाराचं पॅनेल 60 वॉटचं म्हणून देत असेल तर हात जोडून पुढे चालू लागा.

एकट्या वारकऱ्याने पॅनेल घेऊ नये, हे मी आता सरळ सांगतो. त्या अर्ध्या किलोत 10000 एमएएचच्या दोन भरलेल्या पॉवर बँका येतात. पुण्यात आणि सासवडला दोन-दोन रात्री मुक्काम असतो, तिथं कुणाच्या तरी घरी त्या भरून घ्याव्यात. फोन जपून वापरला तर चार दिवस निघतात. पॅनेल घ्यावं ते दिंडीने, आणि ठेवावं ट्रकवर. दिंडीचा ट्रक सकाळीच पुढे जातो, आपण चालत असतो तेव्हा तो पुढच्या तळावर उभा असतो, आचारी नि पाल ठोकणारी पोरं तिथंच असतात, राखण आपोआप होते. केबिनच्या टपावर 100 वॉटचं साधं पॅनेल, खाली कंट्रोलर आणि 12 व्होल्टची बॅटरी, एवढं पुरे. फलटणच्या पुढे अकरा ते चार या वेळात त्यातून 300 वॉटतासांच्या आसपास निघतात, म्हणजे डझनभर स्मार्टफोन पूर्ण, किंवा पंचवीसेक निम्मे. सासवडच्या ढगात दोन-तीन फोन. यावर जनरेटर सुटणार नाही, तशी आशा कुणी दाखवली तर विश्वास ठेवू नका. पण संध्याकाळी बोर्डाभोवतीची गर्दी निम्मी होईल. दिंडीचालकांनी पुढच्या वारीच्या भिशीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि बसवायला माणूस हवा असेल तर आपापल्या गावच्या आयटीआयमध्ये विचारावं. वायरमन ट्रेडच्या पोरांचं हे एका दुपारचं काम आहे.