७.९ की ८.४

जे दिसणं शक्यच नव्हतं, ते दिसलं नाही म्हणून फुटबॉलच्या पंचाचे गुण कापायचे का? पंचाचं काम बघून त्याला गुण देणाऱ्या माझ्यासारख्या निरीक्षकाला हा एक प्रश्न आयुष्यभर पुरतो. कार्डं, अ‍ॅडव्हान्टेज, फ्री किकच्या भिंतीचं अंतर यावरचे मतभेद दोन निरीक्षक चहा संपेपर्यंत मिटवतात. हा मिटत नाही.

२५ ऑक्टोबर २०१७. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना, स्पेन विरुद्ध माली. फिफाचे निरीक्षक त्यांच्या जागी होते. मी तिकीट काढून बसलो होतो, पण मांडीवर वही होती. स्पेन २-० ने पुढे. उत्तरार्धात मालीच्या शेख दुकुरेने लांबून फटका मारला. चेंडू क्रॉसबारला लागून खाली आदळला आणि उसळून मैदानात परत आला. आदळला तो रेषेच्या आत, चांगला आत. जपानी पंचांनी खेळ चालू ठेवला. शेवटी स्पेन ३-१ ने जिंकलं. चेंडू रेषेपार गेल्याचं पंचाच्या मनगटावर कळवणारं यंत्र तिथे नव्हतं.

सहायक पंचाची जागा शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत. पंचवीस मीटरवरून सुटलेला जोरकस फटका गोलात पोचायला सेकंदभर लागतो. तेवढ्यात गोलरेषा गाठणारा सहायक अजून जन्मला नाही. तो तिरक्या कोनातून बघतो, आणि त्या कोनातून रेषेवर टेकलेला चेंडू आणि वीतभर आत टेकलेला चेंडू एकसारखेच दिसतात. वर नियम असा की अख्खा चेंडू अख्ख्या रेषेपलीकडे गेला पाहिजे. शंका असेल तर गोल नाही.

युएफाच्या तक्त्यात अपेक्षेप्रमाणे काम झालं तर दहापैकी ८.४. एखादी ठळक, सामन्यावर परिणाम करणारी चूक झाली की ७.९, आणि तिरकी रेघ ओढून पुढे ती चूक नसती तर किती दिले असते ते: ७.९/८.४. मी त्या रात्री वहीत ८.४ लिहिलं, तिरकी रेघ न ओढता. माझ्या बरोबरीचे जुने निरीक्षक अजून त्यावरून भांडतात. त्यांचं म्हणणं, गोल गेला म्हणजे चूक झाली. मी त्यांना १९ जून २०१२ चा दोनेत्स्कचा सामना दाखवतो. युरो स्पर्धा, युक्रेन विरुद्ध इंग्लंड, इंग्लंडच्या जॉन टेरीने रेषेच्या आतून बाहेर लाथाडलेला चेंडू, आणि न दिलेला गोल. तिथे गोलरेषेवर जादा सहायक याच कामासाठी उभा केला होता. त्याला ७.९ द्या, माझी हरकत नाही. जागेवर असून न दिसणं वेगळं आणि जागाच नसणं वेगळं. हे दोन्ही एका मापाने मोजणाऱ्याने पेन खाली ठेवावं.

हल्ली तर निरीक्षक ड्रेसिंग रूमकडे उतरता उतरता मोबाइलवर क्लिप बघतात आणि मग पंचाला शहाणपण सांगतात. क्लिप बघून न्याय करायला निरीक्षक कशाला हवा? पंच उभा होता तिथून काय दिसत होतं, हे सांगायला तो हवा. मुंबईच्या कुपरेज मैदानावर मी मुद्दाम मोठ्या लोकांच्या खुर्च्या सोडून गोलरेषेच्या समोर जाऊन बसायचो. मला माझ्या नजरेचा गर्व होता, अजून आहे. मी दिसलो की पंच पाठ ताठ करायचे आणि ते मला आवडायचं.

गावी, दाभोशाला, परतल्यावर हे सगळं मागे पडलं होतं. इथे भात कापून झालं की पोरं फक्की मारून मैदान आखतात. सागाचे दोन खांब, वर बांबू. जाळी नाही. आश्रमशाळेतून शिकून गेलेली एक मुलगी पंचाची परीक्षा देणार आहे. तिचा सामना बघायला मी खांबामागे उभा होतो. खाली सरपटत आलेला चेंडू डाव्या खांबाच्या आतून गेला. दोन बोटांचं अंतर. तिच्यासमोर चार पोरं आडवी. तिने गोल किक दिली. पोरांनी घेरलं तेव्हा आवाज न चढवता म्हणाली, "मला दिसलं नाही. न दिसलेला गोल मी देत नाही."

सामन्यानंतर ती बांधावर येऊन बसली.

"गुरुजी, तुम्हाला दिसला?"

"दिसला. आत होता."

"मग मार्क किती?"

"आठ पॉइंट चार. तुझी जागा बरोबर होती."

तिला आनंद झाला नाही. "सात पॉइंट नऊ द्या. कागदावर सगळं बरोबर आलं तर जाळी कोण आणणार?"

मी गप्प बसलो. एवढी वर्षं मी पंचाला वाचवत आलो आणि त्यालाच न्याय म्हणत आलो. पण २०१० मध्ये विश्वचषकात ब्लूमफाँटेनला इंग्लंडच्या लॅम्पार्डचा रेषेपार गेलेला गोल दिला गेला नाही, मग दोनेत्स्क झालं, आणि त्यानंतर काही दिवसांतच, ५ जुलै २०१२ ला, गोलरेषेच्या यंत्राला मान्यता मिळाली. ३० ऑक्टोबर २०२२ ला त्याच नवी मुंबईच्या मैदानावर मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात स्पेनने अंतिम सामन्यात कोलंबियाला १-० ने हरवलं, तेव्हा पंचाच्या मदतीला व्हिडिओ बघणारं व्हीएआर होतं. नुसत्या ८.४ वर यातलं काही आलं नसतं. आरडाओरडा झाला म्हणून आलं. तरी त्या आरड्याची किंमत एका माणसाच्या गुणांतून वसूल करणं मला पटत नाही. दोष सामन्याचा, आणि सामन्याला गुण द्यायला फॉर्मवर रकानाच नाही.

मी ८.४ च ठेवले. शेऱ्याच्या जागी पंचाबद्दल एक अक्षर न लिहिता लिहिलं: गोलला जाळी नव्हती, सामना जाळीशिवाय खेळवू नये. तो कागद आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांकडे दिला. पोरीला हे अजून मान्य नाही. ती म्हणते, शेरा कुणी वाचत नाही, आकडा सगळे वाचतात.