झडपेतला चुना

"बाबाले तंबाखूसंग चुना लय लागे, त्याच्यानंच झालं का हे?" ऑपरेशनमध्ये काढलेल्या झडपेचा रिपोर्ट न्यायला रिसोड-मालेगावकडचं कुणी आलं आणि त्यात 'कॅल्सिफिकेशन' हा शब्द दिसला, की हा प्रश्न ठरलेला. दुसरा बोअरच्या पाण्याचा. अंघोळीच्या बंबाला आतून क्षार चढतात, तसेच हृदयालाही चढत असणार, असा त्यामागचा हिशेब. माझं माहेर वाशीमचं, नोकरी नागपुरात पॅथॉलॉजिस्टची. त्यामुळे गावाकडचे लोक हे प्रश्न मोकळेपणानं विचारतात.

तर, पानातला चुना झडपेत जात नाही. रक्तातलं कॅल्शिअम शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं: 100 मिलिलिटरला साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम. दूध जास्त प्यायलं किंवा पाणी जड असलं म्हणून निरोगी माणसात हा आकडा हलत नाही. आशाताई गरोदर बायांना कॅल्शिअमच्या गोळ्या देतात, त्या 'हृदयात साचतील' म्हणून बंद करणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. कृपा करून तसं करू नका. विडी मात्र झडपेलाही बाधते. बाबांच्या बाबतीत संशय घ्यायचाच तर चुन्याआधी तिच्यावर घ्यावा.

बंबाचा हिशेब कुठं चुकतो, ते झडप हातात घेतल्यावर कळतं. महाधमनीच्या निरोगी झडपेला तीन पाकळ्या असतात. जाडी एक मिलिमीटरसुद्धा नाही, उजेडात धरली तर आरपार दिसावं इतकी तलम. दिवसाला लाखभर वेळा ती उघडते आणि मिटते. दुखणाईत झडप आमच्याकडे फॉर्मालिनच्या बाटलीत येते ती बहुतेक वेळा तुकड्यांत, कारण सर्जनला ती अक्षरशः फोडून काढावी लागते. महाधमनीकडच्या बाजूला पिवळट, खडबडीत गाठी असतात. सुरी लावली की कर्र आवाज येतो. आधी आम्लात भिजवून मऊ केल्याशिवाय तिचे पातळ काप निघत नाहीत, पातं खराब होतं. क्षार चढला असता तर तो पाकळीच्या पृष्ठभागावर असता. इथं तो पाकळीच्या आत, थरांच्या मध्ये असतो. न भिजवलेल्या कापावर चांदीच्या क्षाराचं रंजन केलं की काळेकुट्ट ठिपके दिसतात, तेही आतच.

शिकत असताना एका झडपेच्या स्लाइडवर मला चक्क हाड दिसलं. पोकळीत अस्थिमज्जा, मज्जेत रक्तपेशी. लेबलांची अदलाबदल झाली असं समजून मी सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं, "झडपच आहे. लिही." पुढे 2001 साली अमेरिकेत एमिल मोहलर आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या 347 झडपा तपासल्या. त्यांतल्या कॅल्शिअम साचलेल्या झडपांपैकी 13 टक्क्यांत खरंखुरं हाड होतं.

मग हे बांधतं कोण? मुळात कॅल्शिअम आणि फॉस्फेट रक्तात इतकं असतं, की त्याचे स्फटिक जागोजाग का बनत नाहीत हाच प्रश्न पडावा. ते थोपवणारी प्रथिनं आपल्याकडे असतात. 1997 साली त्यांतलं एक प्रथिन नसलेले उंदीर तयार केले गेले. दोन महिन्यांच्या आत त्यांच्या धमन्या कडक होऊन ते मेले. झडपेत काय होतं, तर पाकळीचं अस्तर दुखावतं, चरबीचे कण आत शिरतात, दाह सुरू होतो, आणि तिथल्या साध्या पेशी हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात. अशी ही गोष्ट आम्ही वर्षानुवर्षं शिकवत होतो.

2013 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या सर्जिओ बर्टाझो यांच्या गटानं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली झडपा आणि धमन्या पाहिल्या, तेव्हा त्यांना कॅल्शिअम फॉस्फेटचे सूक्ष्म गोल गोळे दिसले. त्यांची घडण हाडातल्या खनिजापेक्षा वेगळी होती, आणि वरून निरोगी दिसणाऱ्या ऊतीतही ते सापडले. म्हणजे सुरुवात गोळ्यांपासून होते, हाड बऱ्याच उशिरा येतं, असं मला वाटतं. गोळे नेमके कुठून येतात, यावर अजून वाद आहेत.

"मुतखड्यावर पाषाणभेद देतात, तसं काही?" नाही. कोलेस्टेरॉलच्या औषधानं तरी हे थांबेल अशी मोठी आशा होती. 2005 साली स्कॉटलंडमधल्या 155 रुग्णांच्या चाचणीत ती मावळली. तीन-चार चौरस सेंटिमीटरची वाट एक चौरस सेंटिमीटरच्या खाली आली आणि त्रास सुरू झाला, की झडप बदलणं हाच उपाय.

हे झालं म्हाताऱ्यांचं. आमच्या भागातून येणारी दुसरी झडप मला जास्त अस्वस्थ करते. ती द्विदल झडप असते, तिशीतल्या बाईची. शाळेच्या वयात घसा दुखला, सांधे सुजले, संधिवाताचा ताप म्हणजे काय हे कुणी सांगितलं नाही, दर 21 दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन झालं नाही. पाकळ्यांच्या कडा चिकटून माशाच्या तोंडासारखी फट उरते आणि त्या जुन्या व्रणात कॅल्शिअम उतरतं. प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप बसवावी तर तरुण शरीरात तीही लवकर कॅल्शिअम धरते. धातूची बसवावी, 1990 पासून वापरात असलेली आपली चित्रा झडप धरा, तर जन्मभर रक्त पातळ ठेवण्याची गोळी आली, आणि गरोदरपणात ती जोखमीची.

या बाईची स्वतःची झडप वाचवता येते ती बलूननं, जपानच्या कांजी इनोउए यांच्या तंत्रानं. ते जमेल का, हे सांगायला इकोवर चार गोष्टींना प्रत्येकी एक ते चार गुण देतात: पाकळ्यांची हालचाल, जाडी, खालच्या दोऱ्यांची अवस्था आणि कॅल्शिअम. 16 पैकी 8 च्या आत असेल तर बलून बहुधा यशस्वी होतो. कॅल्शिअम वाढत गेलं की ही संधी हातची जाते. आणि नेमक्या त्याच वर्षांत ती मानोऱ्यात किंवा मंगरूळपीरला 'रक्त कमी आहे, म्हणून दम लागतो' एवढ्यावर लोहाच्या गोळ्या खात असते. शाळेत तपासणीला येणारं आरोग्य पथक या आजाराच्या मुलांना शोधू शकतं. सासरी गेलेल्या मुलीकडे पथक येत नाही. वाशीमला 2024 पासून सरकारी मेडिकल कॉलेज झालं आहे. माझी तिथल्या डॉक्टरांकडे एकच मागणी आहे: दम लागणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईच्या छातीला, हिमोग्लोबिनचा आकडा कितीही असो, स्टेथोस्कोप लावा, आणि शंका आली तर त्याच आठवड्यात इको करा.