वायफायचं वेड

राहुरी, रात्रीचे साडेदहा.

संध्याकाळच्या अपडेटनंतर लॅपटॉपवरून वायफायचं चिन्हच गायब झालं. राउटर शाबूत, मोबाइल त्यावर मजेत चालतोय. म्हणजे बिघाड लॅपटॉपातच. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर अडॅप्टरच्या नावावर पिवळा त्रिकोण. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा. वेड गेल्याशिवाय लग्न होईना, लग्न झाल्याशिवाय वेड जाईना!

सोडवलं मोबाइलने. यूएसबी केबल जोडून टेदरिंग चालू केलं आणि तारेतून इंटरनेट आलं. ड्रायव्हर अपडेट करायला सांगितलं, तर उत्तर आलं की सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे. या आत्मविश्वासाचं मला कौतुक वाटतं. जुन्या ड्रायव्हरकडे परतायचं, तर रोल बॅकचं बटण फिकट, दाबताच येईना. मग प्रॉपर्टीजमधला हार्डवेअर आयडी बघितला. त्यात 'व्हीईएन'पुढची चार अक्षरं चिप कोणाची ते सांगतात: १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ चा. तोच आकडा कंपनीची खूण होऊन अजून तिच्या चिपांसोबत फिरतोय. आडनाव लावावं तसा.

आयडी कळल्यावर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून नेमका ड्रायव्हर मिळाला. आधीचा काढून टाकला, हा बसवला, लॅपटॉप रीस्टार्ट केला. चिन्ह परतलं. जाता जाता पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला अडॅप्टर बंद करू देणारी खूणही काढली. वीज वाचवायला इथे भारनियमन पुरेसं आहे. या आठवड्यात शेतीपंपांची पाळी रात्रीची. बाराला मोटर चालू करायला मळ्यात जायचंय.