उंची आणि पाया

ईश्वराने एखाद्याला गोड गळा दिला, तर त्याच्या घरच्या माणसांना पुढचा मार्ग परंपरेने ठाऊक असतो. गुरू शोधावा, तानपुरा आणावा. तल्लख बुद्धी दिली, तर पाठशाळा आहेच. परंतु ईश्वराने मुलाला नुसती उंची दिली, तर काय करावे? दाराची चौकट डोक्याला लागते, शिंप्याला कापड जास्त लागते, आणि पाहुणे कौतुकाने चेष्टा करतात. त्या उंचीला कुणी मोल देईल, अशी कल्पनाही आमच्या पिढीला शिवली नव्हती.

सुरत-बारडोली रस्ता मुंबईच्या महामार्गाला जेथे छेदतो, त्या कडोदऱ्यास आमचे बिऱ्हाड आहे. भोवती कापड रंगविण्या-छापण्याच्या गिरण्या, त्यांपलीकडे उसाची शेते. अकळामुखी हनुमानाच्या दर्शनाला शनिवारी रीघ लागते. तेथेच कारवारकडचे एक कोकणीभाषी गृहस्थ आम्हांला भेटतात. ते गिरणीच्या रंगखात्यात आहेत. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा, सहा फूट पाच इंच उंच आणि बास्केटबॉलच्या नादाने झपाटलेला. कुणा मध्यस्थाने सांगितले की, पैसे भरा, दोन महिन्यांत मुलाला अमेरिकेतील कॉलेजात बसवून देतो. गृहस्थ आम्हांला म्हणाले, “मास्तर, तुम्ही जन्मभर मुले शिकविलीत. पोराला धाडू का?”

शिक्षकाला असे प्रश्न नवे नसतात; पण या प्रश्नात एका घराची सारी पुंजी पणाला लागलेली होती. तडकाफडकी उत्तर देण्याऐवजी आम्ही त्यांना तीन मुलांच्या कथा सांगितल्या.

पहिला नायजेरियाचा हकीम ओलाजुवान. याचा जन्म लागोस शहरी १९६३ साली झाला. आईबापांचा सिमेंटचा व्यापार. हा मुलगा फुटबॉलात गोलरक्षण करी आणि हँडबॉल खेळे; बास्केटबॉल हाती आला तो पंधराव्या वर्षी. १९८० साली तो ह्यूस्टनच्या विद्यापीठात गेला. पहिल्या वर्षी त्याला सामन्यात उतरताच आले नाही. प्रशिक्षक गाय लुईस यांनी घाई केली नाही. सुटीत मोझेस मलोन या नामांकित व्यावसायिक खेळाडूशी झुंजत तो शिकला. गोलरक्षकाचे चपळ पाय नव्या खेळात कामी आले. १९८२, १९८३ आणि १९८४ अशी लागोपाठ तीन वर्षे त्याचा संघ अखिल अमेरिकन महाविद्यालयीन स्पर्धेच्या अखेरच्या चार संघांत पोचला. विजेतेपद मात्र एकदाही मिळाले नाही. १९८४ साली व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा सर्वांत पहिली निवड त्याची झाली. पुढे १९९४ आणि १९९५ साली त्याने ह्यूस्टन रॉकेट्स संघाला अजिंक्यपद मिळवून दिले.

आम्हांला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. परदेशात त्याच्या नावातील आरंभीचा ‘ह’ गळून पडला होता. १९९१ साली त्याने ‘अकीम’चे पुन्हा ‘हकीम’ केले. रमजानच्या महिन्यात दिवसभर पाण्याचा थेंब न घेता तो रोजा पाळी आणि त्याच दिवशी सामनाही खेळे. धर्म कोणताही असो, उपास म्हणजे काय हे जाणणाऱ्या आपल्या वाचकांना या निष्ठेचे मोल निराळे सांगावयास नको.

दुसरा आपल्या देशातला. पंजाबातील बल्लो के नावाच्या खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा सतनामसिंग भामरा. उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या प्रशिक्षण केंद्रातून २०१० साली, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर तो फ्लोरिडातील क्रीडाशाळेत गेला, तेव्हा त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. पाच वर्षे त्याने कष्ट केले. पण महाविद्यालयीन खेळाडूला जी शैक्षणिक पात्रता लागते, ती त्याच्यापाशी नव्हती. म्हणून कॉलेज वगळून तो थेट व्यावसायिक निवडीला उभा राहिला. जून २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याची बावन्नाव्या क्रमांकाने निवड केली. भारतात जन्मलेल्या खेळाडूला हा मान प्रथमच मिळाला. तथापि मुख्य संघाकडून एकही अधिकृत सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दुय्यम संघात दोन हंगाम गेले. पुढे उत्तेजक द्रव्याच्या चाचणीवरून दोन वर्षांची बंदी आली, आणि शेवटी तो व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्याकडे वळला. याला अपयश म्हणण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. पण पिकण्यासाठी जो अवधी ह्यूस्टनने ओलाजुवानला दिला, तो या मुलाला मिळाला नाही. आणि त्या अवधीचे दार त्याच्यापुढे बंद झाले ते खेळ उणा पडला म्हणून नव्हे, तर विद्या उणी पडली म्हणून.

तिसरा सिम भुल्लर, कॅनडात जन्मलेला पंजाबी मुलगा, उंची सात फूट पाच इंच. न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठात दोन हंगाम खेळून २०१५ साली तो एन.बी.ए.च्या मैदानात उतरला. भारतीय वंशाचा तो पहिलाच. त्याला तेथे सामने मिळाले अवघे तीन. म्हणजे कॉलेज हीदेखील यशाची हुंडी नव्हे.

मग कॉलेज देते काय? एक छप्पर, एक भाषा आणि पडण्या-उठण्यासाठी काही वर्षे. पण तिकडच्या वरच्या श्रेणीतील महाविद्यालयीन खेळात उतरण्यासाठी शालेय शिक्षणातील सोळा ठरावीक अभ्यासक्रम पुरे केलेले असावे लागतात, आणि पुढेही अभ्यासात मागे पडणाऱ्याला सामन्यात उतरू देत नाहीत. गुडघा एका क्षणात निखळतो. मिळविलेली विद्या निखळत नाही. मध्यस्थाच्या दोन महिन्यांत यांतले काहीच बसत नव्हते.

हे सारे ऐकून त्या मुलाच्या आजीने आमच्या भाषणाचा सारांश एका वाक्यात केला. नातवाच्या दंडाला हात लावून (डोक्यापर्यंत तिचा हात पोचत नाही) ती म्हणाली, “वच पुता, पूण शिकप सोडूं नाका.”

गृहस्थांनी मध्यस्थाला नकार कळविला. मुलाने आधी बारावी पुरी करावी, इंग्रजी पक्के करावे, आणि मग आपल्या खेळाची चित्रफीत जोडून स्वतःच कॉलेजांना लिहावे, असे ठरले. मुलगा दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन आमच्याकडे आला. तो एक दिवस परदेशी जाईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण मारुतीला आपण बळाइतकेच बुद्धीचेही दैवत मानतो, आणि समुद्र ओलांडणाऱ्याला या दोहोंचीही गरज पडते, एवढे मात्र खास.