कानात तेल घालण्यापूर्वी

कान ठणकू लागला की पळीत गोडेतेल घ्यायचे, लसणाच्या दोन पाकळ्या त्यात तांबूस होऊ द्यायच्या आणि ते तेल कोमट झाल्यावर कानात सोडायचे. दारात सुदर्शन असेल तर त्याचे पान गरम करून रस पिळायचा. दवाखान्यात येणारे बहुतेक आजी-आजोबा आजही हे करूनच येतात. मी त्यांना हसत नाही. माझ्याही घरी हेच होत असे.

लसणात जंतुनाशक गुण आहे. मात्र तो ज्या अॅलिसिनमुळे येतो, ते द्रव्य पाकळी ठेचल्यावर तयार होते. अखंड पाकळी तळली की ते घडवणारे विकरच उष्णतेने निकामी होते. मग आराम कशाने पडतो? बहुधा उबेने, आणि काळाने. इस्राएलमधील १७१ मुलांवर केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. लसूण आणि इतर वनस्पतींच्या थेंबांनी त्यांची कानदुखी कमी झाली खरी. पण बराचसा आराम केवळ दिवस उलटल्याने मिळाला असावा, असे संशोधकांनीच नोंदवले.

उतारवयात मात्र दिवस उलटू देणे महागात पडू शकते. सत्तरी ओलांडलेले एक मधुमेही गृहस्थ माझ्याकडे आले, तेव्हा त्यांची सून तीन आठवडे नेमाने तेल घालत होती. रात्री दुखणे असह्य होई, कान वाहत होता आणि तोंड एका बाजूला वाकडे झाले होते. संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत पोहोचला होता. कित्येक आठवडे प्रतिजैविके घेऊन ते वाचले. तोंड मात्र पूर्ण सरळ झाले नाही. “तेलानंच झालं का हो, डॉक्टर?” सुनेने विचारले. तेलाने हाड कुजले नव्हते, पण मोलाचे तीन आठवडे हातचे गेले होते.

वृद्धांचा कान पुष्कळदा किडलेल्या दाढेमुळे किंवा जबड्याच्या सांध्यामुळेही दुखतो. तंबाखू खाणाऱ्याचा एकच कान सतत दुखत असेल, तर घसा आणि जिभेचे मूळ तपासलेच पाहिजे. तिथे तेल काय करणार?

पडद्याला भोक आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. कान वाहत असेल, ऐकू कमी येऊ लागले असेल किंवा मधुमेह असेल, तर तपासणीपूर्वी कानात काहीही घालू नये. फार गार किंवा गरम थेंबांनी चक्कर येते आणि म्हातारे माणूस पडते. तोवर तव्यावर गरम केलेल्या सुती फडक्याचा कोरडा शेक बाहेरून द्यावा. फडके आधी आपल्या मनगटाला लावून पाहावे.