एकाच ओळीने भरलेली वही

उर्दूतला रोजनामचा आणि मराठी कोर्टकचेरीतला रोजनामा ही सख्खी भावंडे. संगणकही असा रोजनामचा लिहितो, त्याला लॉग म्हणतात. शब्द जहाजावरचा. वेग मोजण्यासाठी दोरी बांधलेले लाकूड पाण्यात सोडत आणि आकडा वहीत मांडत. लाकूड गेले, वहीला नाव राहिले.

गेल्या पावसाळ्यात तळेघरला माझा लॅपटॉप ‘डिस्क भरली’ म्हणून अडून बसला. वयस्कर माणसांच्या तोंडचे उर्दू-मराठी शब्द मी त्यात जमवते. त्या दिवशीचे शब्द काही केल्या सेव्ह होईनात. स्क्रीनवरून ते कागदावर उतरवून घेतले, मगच पुढची शोधाशोध केली.

लॅपटॉपवर लिनक्स आहे. सिसलॉग नावाची एकच फाइल ७० जीबीची झाली होती. आत एकच ओळ, कोट्यवधी वेळा: सर्व्हर सापडत नाही, पुन्हा प्रयत्न करत आहे. शहरातल्या एका ग्रंथालयाचा संग्रह घरून पाहता यावा म्हणून व्हीपीएनचे एक सॉफ्टवेअर घेतले होते, ही करामत त्याची.

नेट गेले की ते क्षणभरही न थांबता पुन्हा जोडणी मागायचे आणि प्रत्येक नकार लिहून ठेवायचे. १०० बाइटची ओळ सेकंदाला १,००० वेळा लिहिली, तर दिवसाला साडेआठ जीबीहून अधिक होतात. जुने लॉग गुंडाळणारी व्यवस्था लिनक्समध्ये असते, पण ती बहुधा दिवसातून किंवा आठवड्यातून एकदाच फिरते. तोवर डिस्क भरलेली.

कंपनीला कळवले. उत्तर आले, ‘नेटवर्क स्थिर ठेवा.’ भीमाशंकरच्या डोंगराला टेकलेल्या आमच्या गावात आषाढाचा पाऊस लागला की वीज जाते, मागोमाग टॉवरही. जिथे नेट कधी जातच नाही, तिथे बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हा दोष दिसणार कसा? नुकसान मात्र इथे होते.

उपाय अवघड नाही. पहिल्या नकारानंतर एक सेकंद थांबा, मग दोन, चार, आठ. तीच ओळ पुन्हा लिहिण्याऐवजी ‘हेच इतक्या वेळा घडले’ एवढे लिहा. फाइलला मर्यादा घाला.

नोंदी नकोत असे नाही. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या सर्ट-इनने संस्थांना लॉग १८० दिवस जपायला सांगितले, ते संगणकावर हल्ला झाला तर माग काढता यावा म्हणून. पण लाखो सारख्या ओळींत कामाची एक ओळ बुडाली, तर माग कसा काढणार?

तुमच्यावर ही वेळ आली, तर आधी ते सॉफ्टवेअर बंद करा, मग लॉग रिकामा करा. चालू प्रोग्रामने उघडून धरलेली फाइल नुसती डिलीट केली, तर ती यादीतून जाते. जागा मात्र अडलेलीच राहते.