खर्जातला बदल

अमरावतीत 1932 साली जन्मलेल्या सुरेश भटांच्या गझला मैफलींतून ऐकत घडलेला वऱ्हाडी कान गायकामागोमाग जाणाऱ्या पेटीला सरावलेला असतो, त्यामुळे सूर तोच ठेवून त्याखालचा आधार बदलण्याची जॅझ-ब्लूजमधली युक्ती अमरावती-अकोल्याच्या श्रोत्याला आरंभी परकी वाटणे स्वाभाविकच आहे. ‘ट्रायटोन सबस्टिट्यूशन’ म्हणजे एका डॉमिनंट सेव्हन्थ कॉर्डऐवजी सहा अर्धस्वर दूरची तशीच दुसरी कॉर्ड योजणे. सी-सेव्हन्थमधील ई आणि बी-फ्लॅट हे स्वर जी-फ्लॅट-सेव्हन्थमध्येही असतात, फक्त त्यांच्या तिसऱ्या व सातव्या स्थानांची अदलाबदल होते. गिटारवर चौथ्या तारेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरची बोटे जागची हलत नाहीत, पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा खर्जातला स्वर तेवढा सहाव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर उतरतो, आणि तिथून सगळा हात एक फ्रेट मागे घेतला की एफ-सेव्हन्थ हाती लागते. कॉर्डमधील स्वरांच्या अशा निवडक मांडणीला ‘व्हॉइसिंग’ म्हणतात. सहाही तारा छेडण्याचा सोस (नवशिक्यांना तो असतोच) इथे मारक ठरतो. मुंबईत 1936 साली गोवेकर कुटुंबात जन्मलेले गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा यांनी ‘इंटिग्रेशन’ या 1969 च्या ध्वनिमुद्रिकेत जॅझ आणि भारतीय सुरावट एकत्र आणली असल्याने, वऱ्हाडातल्या श्रोत्याला या संगीतात शिरण्यासाठी तेच दार अधिक सोयीचे आहे.